ओठातल्या ओठात : आर.ई.एम.ची 'क्रॉनिक टाउन' ऐकताना

मागे बसलेल्यांना आवाज नीट येतोय ना? विचारून घेतलेलं बरं. कारण आज आपण ज्या तबकडीबद्दल बोलणार आहोत, तिच्याविषयी बहुतेकांची पहिली तक्रार हीच असते की आवाज येतो, पण गाणारा काय म्हणतोय ते कळत नाही.

तबकडीचं नाव 'क्रॉनिक टाउन'. बँडचं नाव आर.ई.एम. गाव अथेन्स, ग्रीसमधलं नव्हे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं विद्यापीठाचं गाव. प्रकाशन 24 ऑगस्ट 1982. एकूण 5 गाणी, आणि सगळी मिळून साधारण 20 मिनिटं. सिंगलपेक्षा मोठी आणि पूर्ण अल्बमपेक्षा लहान अशी जी तबकडी असते तिला ईपी म्हणतात. ही ईपी आहे.

आता 20 मिनिटांच्या ऐवजावर तासभर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच झाला. पण आम्हाला या निमित्तानं एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. गाण्यातले शब्द कळले नाहीत, तर ते गाणं आपल्याला कळलं असं म्हणता येतं का? आणि गाणाऱ्यानं ते मुद्दामच नीट उच्चारले नसतील, तर ती कला मानायची की पळवाट?

हा प्रश्न आम्हाला कुठून पडला ते आधी सांगतो. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी आर.ई.एम.चं नाव प्रथम ऐकलं ते 1991 साली, 'लूझिंग माय रिलिजन' या गाण्यामुळे. ते गाणं स्पष्ट होतं. कॅसेट मागेपुढे करून, वहीत उतरवून, आम्ही ते पाठ केलं होतं. आम्ही मराठी शाळेत शिकलेली मुलं. इंग्रजी गाणी ऐकताना आमच्या मनात कायम एक धाकधूक असायची. चारचौघांत एखादी ओळ चुकीची म्हटली की संपलंच. म्हणून मग चालीवर 'नाना ना' करत राहायचं आणि जो शब्द पक्का माहीत आहे तेवढाच मोठ्यानं म्हणायचा. पुढे कधीतरी याच बँडची ही जुनी पाच गाणी हाती लागली. ऐकली, आणि काही म्हणता काही कळेना. पुन्हा ऐकली. तरी नाही. आम्ही सरळ निष्कर्ष काढला की आपलं इंग्रजीच कच्चं.

बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की अमेरिकेतल्या श्रोत्यांनाही ते कळत नव्हतं! तिकडे मायकल स्टाइपचं पुटपुटणं हा चेष्टेचा, वादाचा आणि कौतुकाचाही विषय होता. आमच्या डोक्यावरचं एक ओझं त्या दिवशी उतरलं. पण त्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही न कळणारं गाणं या लोकांनी केलं तरी का? आणि ते आवडलं कसं?

थोडी पार्श्वभूमी बघू. बँडमध्ये चौघे. मायकल स्टाइप गाणारा, पीटर बक गिटारवर, माइक मिल्स बेस गिटारवर आणि बिल बेरी ड्रमवर. बक एका रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि स्टाइप तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचा, ओळख तिथली. स्टाइप कलाशाखेचा विद्यार्थी. 5 एप्रिल 1980 रोजी अथेन्समधल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. 1981 मध्ये 'रेडिओ फ्री युरोप' हा सिंगल हिब-टोन नावाच्या अगदी छोट्या कंपनीनं काढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते उत्तर कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला गेले. तिथे मिच ईस्टर या संगीतकार-ध्वनिमुद्रकाचा 'ड्राइव्ह-इन' नावाचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे त्याच्या आईवडलांच्या घराचं गॅरेज. 'क्रॉनिक टाउन' जन्मली ती त्या गॅरेजात.

पुढे 1982 मध्ये आय.आर.एस. या कंपनीनं बँडला करारबद्ध केलं आणि ही मुद्रणं ईपी म्हणून बाजारात आणली. आय.आर.एस. स्वतंत्र कंपनी होती खरी, पण तिचा माल दुकानांपर्यंत पोचवायचं काम ए अँड एम ही मोठी कंपनी करायची. तेव्हा 'इंडी' म्हणजे सगळं घरच्या घरी, अशी समजूत करून घेऊ नका. कंपनीनं एक ढवळाढवळही केली. 'एजेस ऑफ यू' हे गाणं काढायला लावून तिथे 'वुल्व्ज, लोअर' घालायला लावलं. आमच्या मते कंपनीचा हा निर्णय बरोबर होता. अशा गोष्टी कबूल करायला समीक्षकांना जड जातं, पण खरं ते खरं. वगळलेलं गाणं 1987 च्या 'डेड लेटर ऑफिस' या संग्रहात आलं. ते ऐकून तुम्हीच ठरवा.

तर आता पहिलंच गाणं ऐकू.

[इथे 'वुल्व्ज, लोअर' ऐकवण्यात आलं.]

काय ऐकू आलं? आधी गिटार. पीटर बक कॉर्ड एकदम छेडत नाही. तो कॉर्डमधले सूर सुटे करून एकामागून एक वाजवतो, माळेतले मणी ओघळावेत तसे. त्याखाली माइक मिल्सचा बेस. सर्वसाधारण रॉकमध्ये बेस तळ धरून बसतो. इथे तो स्वतःची वेगळी चाल चालतो, कधीकधी तर गिटारपेक्षा तोच जास्त गातो. आणि मुख्य गाणारा? तो कुठे आहे? तो खाली आहे, दबका, वाद्यांच्या मध्येच कुठेतरी. मागून मिल्स आणि बेरी यांचे आवाज येतात तेव्हा तेच जास्त मोकळे वाटतात. म्हणजे घरचा यजमान कोपऱ्यात उभा आणि पाहुणे बैठकीत, असा प्रकार.

हा अपघात नव्हे. तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून चौघांचीही नावं सारखीच लागतात : बेरी, बक, मिल्स, स्टाइप. चाल कोणाची, शब्द कोणाचे, अशी वाटणी नाही. हीच वाटणी ध्वनीमध्येही दिसते. आवाज हा चौथा वादक आहे, मालक नाही. शब्द कळत नाहीत याचं अर्धं कारण स्टाइपच्या ओठांत असेल, पण उरलेलं अर्धं या मांडणीत आहे.

दुसरं गाणं 'गार्डनिंग ॲट नाइट'. इथे स्टाइप बारीक, जवळपास कुजबुजत्या स्वरात गातो. रात्री कोणीतरी बागेत काहीतरी करतंय आणि शेजाऱ्यांना कळू नये अशी खबरदारी घेतंय, असं वाटतं. निदान आम्हाला तरी वाटतं. या गाण्याच्या बाबतीत एक पुरावाच आपल्या हाताशी आहे. 1988 मध्ये बँडच्या निवडक गाण्यांचा 'एपॉनिमस' हा संग्रह निघाला, त्यात याच गाण्याचं वेगळ्या गायनाचं मिश्रण आहे. वाद्यं तीच, पण आवाज भरदार, पुढे आलेला. आपण दोन्ही एकापाठोपाठ ऐकू.

[इथे दोन्ही आवृत्त्यांचे तुकडे ऐकवण्यात आले.]

फरक लगेच कानात भरतो. दुसऱ्या आवृत्तीत गाणं ठणठणीत होतं, आणि थोडं सामान्यही. एक तरुण मुलगा जोरात गातोय, बस. पहिल्या आवृत्तीत मात्र आपण कान पुढे करतो. शेजारच्या खोलीत कोणी हळू बोलत असेल तर आपण नकळत हातातलं काम थांबवतो ना, तसं. 'अस्पष्टता काही काम करते का' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. करते. ती ऐकणाऱ्याला जवळ ओढते.

तिसरं गाणं 'कार्निव्हल ऑफ सॉर्ट्स', कंसात 'बॉक्स कार्स'. सुरुवातीला आनंदमेळ्यातल्या बाजासारखा एक खेळण्यातला सूर वाजतो. जत्रेत पाळण्याजवळ वाजतं तसं काहीतरी. आणि मग बँड धाडकन आत शिरतो. कडव्यांमध्ये पुन्हा तीच पुटपुट, पण ध्रुवपदात मालगाडीच्या डब्यांचा शब्द स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे बघा, सगळंच झाकलेलं नाही. मधूनमधून एखादा शब्द उजेडात येतो आणि तेवढ्यावर आपल्याला अख्खं गाव दिसायला लागतं : फिरता मेळा, रात्र, रुळांवरून बाहेर निघालेली मालगाडी.

तबकडीचं नाव याच गाण्यातल्या शब्दांवरून आलंय. आणखी एक गंमत आहे. या तबकडीच्या दोन बाजूंना 'एक' आणि 'दोन' असं म्हटलेलं नाही. पहिल्या बाजूचं नाव 'क्रॉनिक टाउन' आणि दुसरीचं 'पोस्टर टॉर्न', म्हणजे फाटलेलं पोस्टर. हे दुसरं नावही याच गाण्यातलं. आम्हाला या तबकडीचं यापेक्षा नेमकं वर्णन सापडलेलं नाही. भिंतीवरचं अर्धवट फाटलेलं पोस्टर आपण सगळ्यांनी वाचलंय. तारीख दिसते, गावाचं नाव गेलेलं असतं. एका चेहऱ्याचा अर्धा भाग, खाली 'भव्य' एवढाच शब्द. आणि उरलेलं आपण भरतो. चुकीचं भरतो, पण भरतो.

इथे आपल्यापैकी काही जण म्हणतील, यात नवीन ते काय? आमच्या ख्यालात हेच तर चालतं. बंदिशीचे शब्द मैफलीत कुठे सगळ्यांना कळतात? ब्रज भाषा, त्यात ताना, त्यात आकार. तरी आपण रात्रभर ऐकतोच. मुद्दा योग्य आहे, आणि आमच्यासारख्या श्रोत्यांना ही तबकडी पचायला सोपी गेली त्याचं एक कारण हेच असणार. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे कान तयार होतात. एकीकडे भावगीताचा कान, ज्याला शब्द हवाच. यशवंत देवांच्या पुस्तकाचं नावच मुळी 'शब्दप्रधान गायकी'. आणि दुसरीकडे ख्यालाचा कान, ज्याला शब्दावाचून अडत नाही.

पण साम्य इथेच थांबतं. बंदिशीचे शब्द ठरलेले असतात. गुरूनं शिष्याला दिलेले असतात, विचारलं तर सांगता येतात. गवई त्यांना ताणतो, विरघळवतो, पण ते मुळात आहेत याबद्दल कोणाला शंका नसते. स्टाइपच्या बाबतीत तोच भरवसा नाही. तबकडीवर शब्द छापलेले नाहीत. पुढे कित्येक वर्षं या बँडनं गाण्यांचे शब्द छापलेच नाहीत. 1988 च्या 'ग्रीन'मध्ये फक्त एका गाण्याचे छापले, आणि सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेला त्यांचा पहिला अल्बम म्हणजे 1998 चा 'अप'. म्हणजे 'क्रॉनिक टाउन'नंतर 16 वर्षांनी! दुसरा फरक उच्चाराचा. ख्यालात स्वर लांबतो. इथे व्यंजनं पुसली जातात. शब्दाची कड जाते आणि गाभा राहतो. म्हणून तर तो शब्द ओळखीचा वाटतो आणि नेमका हातात मात्र येत नाही.

आता आरोपाकडे वळू. आरोप गंभीर आहे, आणि आम्ही स्वतः तो अनेक वर्षं केलेला आहे. आरोप असा : ही चैन आहे. ज्याला बोलता येतं, ज्याच्यापुढे माइक आहे, ज्याची भाषा जगावर राज्य करते, त्यानं पुटपुटायचं आणि आपण त्याला गूढ म्हणायचं? ज्याला बोलूच दिलं जात नाही त्याच्या लेखी स्पष्ट उच्चार हीच लढाई असते. आपल्या भाषेत अशी लढाई लढलेले कवी आपण वाचलेत. त्यांच्यासमोर हे ओठातल्या ओठात गाणं पोरकट वाटू शकतं. शिवाय अस्पष्ट बोलणाऱ्याची एक सोय असते. त्याला कोणी पकडू शकत नाही. 'तू असं म्हणालास' म्हटलं की, 'मी कुठे असं म्हणालो?'

या आरोपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली. 1982 मध्ये स्टाइप 22 वर्षांचा होता. ही तबकडी ऐकताना आम्हाला त्यात मिजास ऐकू येत नाही. संकोच ऐकू येतो. गूढ दिसायचा आव आणणारा माणूस सहसा शब्द ठळक उच्चारतो, लोकांनी ते ऐकावेत म्हणूनच. हा मुलगा वाद्यांच्या आड उभा आहे. आणि तो तिथेच राहिला नाही. त्याच दशकाच्या अखेरीस, 1987 चा 'डॉक्युमेंट' आणि 1988 चा 'ग्रीन' येईपर्यंत त्याचा उच्चार स्वच्छ झाला होता आणि राजकारणाबद्दल तो उघड बोलत होता. म्हणजे पुटपुटणं हा त्याचा मुक्काम नव्हता, वाटेतलं ठाणं होतं.

दुसरी गोष्ट लांबीची. आणि इथे ही ईपी आहे याला महत्त्व येतं. अस्पष्टतेचं उधार फार दिवस चालत नाही. श्रोता 20 मिनिटं भरवसा ठेवतो, मग म्हणतो, आता काहीतरी हाती द्या. याच तबकडीत त्याचा पडताळा मिळतो. पहिल्या बाजूची तीन गाणी, ज्यांबद्दल आपण आत्ता बोललो, ती साडेतीन-चार मिनिटांची आहेत. म्हणायचं ते म्हणतात आणि निघून जातात. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं '1,000,000'. ते धडक, सरळ रॉक गाणं आहे. त्यात ती संख्या चक्क स्पष्ट ऐकू येते आणि बाकीचं गाणंही त्या मानानं उघडं आहे. चांगलं आहे, पण अशी चांगली गाणी तेव्हा आणखीही कोणी करत होतं. आणि शेवटचं 'स्टंबल', साडेपाच मिनिटांहून मोठं, तबकडीतलं सगळ्यात लांब. नाव अडखळण्याचं, आणि दुर्दैवानं तबकडी अडखळते तीही इथेच. तीच गिटार, तीच पुटपुट, पण आता नवा शब्द उजेडात येत नाही, नवं दार उघडत नाही. पोस्टर इतकं फाटलंय की भिंतच उरली. तिसऱ्या मिनिटाला आम्ही घड्याळाकडे बघतो. हे आम्ही आजही म्हणतो, आणि या गाण्यावर प्रेम करणाऱ्या मित्रांशी आमचं या एका मुद्द्यावर कधीच पटलेलं नाही.

पण म्हणूनच आम्हाला वाटतं की पाच गाण्यांवर थांबणं शहाणपणाचं होतं. ही तबकडी 12 गाण्यांची असती तर 'स्टंबल'सारखी आणखी तीन-चार गाणी पोटात घ्यावी लागली असती आणि पहिल्या बाजूचं नवल पातळ झालं असतं. लहान आकारात एक गोष्ट फार चांगली करता येते. प्रश्न विचारून, उत्तराची वाट न बघता, उठता येतं. उत्तर पुढच्या वर्षी आलं. एप्रिल 1983 मध्ये पहिला पूर्ण अल्बम निघाला. त्याचं नाव 'मर्मर', म्हणजे कुजबुज. नावातच कबुली! तो अल्बम अधिक घोटलेला आहे आणि त्याचं कौतुकही भरपूर झालं. 'क्रॉनिक टाउन' मात्र बराच काळ दुसऱ्याच्या घरी राहिली. सीडीच्या जमान्यात ती 'डेड लेटर ऑफिस'च्या शेवटी जोडलेली मिळायची. स्वतंत्र सीडी म्हणून ती निघाली थेट 2022 मध्ये, चाळिशीच्या निमित्तानं. तोवर बँड मोडूनही 11 वर्षं झाली होती.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? शब्द न कळता गाणं कळतं का?

आमचं आजचं उत्तर असं आहे. कळणं ही एकच गोष्ट नाही. जॉर्जियातल्या मुलानं हे गाणं ऐकलं तेव्हा त्याला अर्धे शब्द लागले असतील, त्याचा हेल घरचा असेल, मालगाडीचा आवाज त्यानं रात्री ऐकलेला असेल. आम्हाला त्याच्या निम्मेही लागले नाहीत. म्हणून 'त्यांनाही कळत नाही, आम्हालाही कळत नाही, सगळे सारखेच' असं आम्ही जे समाधान करून घेतलं होतं ते खोटं होतं. त्यांचं न कळणं आणि आमचं न कळणं यात अंतर आहे. ते मान्य करायला हवं. पण एक गोष्ट मात्र खरीच घडली. इतर इंग्रजी गाण्यांसमोर आम्ही परीक्षेला बसल्यासारखे बसायचो. या गाण्यांसमोर तसं बसावं लागलं नाही. इथे चुकीची ओळ म्हणून कोणी पकडणार नव्हतं. आम्ही मोठ्यानं गायलो. काहीही शब्द घालून, मराठीसुद्धा, पण गायलो. ज्या भाषेची भीती वाटत होती तिच्यात पहिल्यांदा तोंड उघडलं ते या पुटपुटणाऱ्या माणसाच्या आधारानं. एका छोट्या तबकडीनं एवढं केलं, तर तिचं ऋण मानायला हरकत नाही.

आता प्रश्न घेऊ.

[प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न : या गाण्यांचे शब्द आता इंटरनेटवर मिळतात. ते वाचून ऐकावं की न वाचता?]

आधी न वाचता, नक्की. निदान पाच-सहा वेळा. तुम्हाला जे ऐकू येईल ते कागदावर लिहून काढा, कितीही वेडगळ असलं तरी. मग वाटल्यास वाचा. पण एक ध्यानात ठेवा. बँडनं तेव्हा शब्द छापलेले नव्हते. म्हणजे तुम्ही वाचताय ती बरीचशी दुसऱ्या श्रोत्यांनी कान लावून काढलेली नक्कल आहे. त्यांचा कान तुमच्यापेक्षा तयार असू शकतो, पण शेवटी तोही कानच. आणि तुमचा तो कागद फाडू नका. आमचा आम्ही हरवला, त्याची आम्हाला अजून रुखरुख आहे.